घरावरची सौर वीज : परवडते कुणाला?

(द्वितीय वर्ष बी.ए., अर्थशास्त्र)

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. दुपारच्या वेळी मोटारसायकलवरून एक गृहस्थ आमच्या वाडीत आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात रंगीत कागदांची फाईल. पडवीत बसून त्यांनी चहा घेतला आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "काका, तीन किलोवॅटचं सोलर बसवून टाका. अठ्ठ्याहत्तर हजार सरकार देतंय. लाईट बिल शून्य! आज फक्त दहा हजार भरा आणि इथं सही करा."

आबांनी सही केली नाही. त्यांनी फाईल माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "तू कालेजात अर्थशास्त्र शिकतीस न्हवं? मग बघ जरा, ह्यात आपला फायदा हाय का ह्येंचा."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजवर घरातल्या कोणत्याही व्यवहारात माझे मत कुणी विचारले नव्हते. शिवाय ते दहा हजार कुठून येणार होते हेही मला ठाऊक होते. कालवड विकून आलेले पैसे आईने धाकट्या भावाच्या आय.टी.आय.साठी आणि माझ्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी बाजूला ठेवले होते. म्हणून मी त्या गृहस्थांना आठ दिवसांची मुदत मागितली आणि हिशेबाला बसले. त्या आठ दिवसांत जे समजले ते येथे मांडत आहे. वीज दरवाढीची चर्चा आज घरोघरी आहे, आणि छपरावर पॅनेल बसवावे की नाही हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या येणारच आहे.

पॅनेल म्हणजे काय?

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. गच्चीवर पाणी तापवण्यासाठी जो सौर बंब असतो तो वेगळा आणि वीज देणारे पॅनेल वेगळे. बंब सूर्याची उष्णता घेतो. पॅनेलला उष्णता नव्हे, प्रकाश हवा असतो. प्रकाशामुळे काही पदार्थांत विद्युत्प्रवाह निर्माण होतो हे फ्रान्सच्या एडमंड बेकेरेल या शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये दाखवले. त्यावर आधारलेला सिलिकॉनचा उपयुक्त घट १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. असे अनेक घट एकापुढे एक जोडून काचेखाली बसवले की पॅनेल होते. उष्णता वाढली तर उलट त्याचे उत्पादन थोडे घटते. त्यामुळे मे महिन्याच्या कडक उन्हात वाटते तेवढी वीज मिळत नाही.

पॅनेलमधून निघणारा प्रवाह बॅटरीसारखा एकदिश असतो. आपली घरातली उपकरणे ज्या प्रवाहावर चालतात त्यात त्याचे रूपांतर करणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. दिवसा तयार झालेली वीज आधी घरात वापरली जाते आणि उरलेली तारांतून महावितरणच्या जाळ्यात जाते. रात्री आपण त्याच जाळ्यातून वीज घेतो. जाणारी व येणारी अशा दोन्ही विजेची नोंद ठेवणारे मीटर बसवतात आणि बिल दोहोंच्या फरकाचे येते. याला नेट मीटरिंग म्हणतात. एका महिन्यात जास्तीची गेलेली युनिटे पुढच्या महिन्यांच्या खात्यात जमा राहतात. आर्थिक वर्षाच्या अखेरीस, म्हणजे ३१ मार्चला, जी शिल्लक उरते तिचे पैसे ग्राहकाला मिळतात, पण ते आपण विकत घेतो त्या दराने नव्हे, त्याहून पुष्कळ कमी दराने. हे एक वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढचा सारा हिशेब त्यावर उभा आहे.

आपल्याकडे एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देते. त्याला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, उन्हाची जागा लागते. आमच्या पाटण तालुक्यात जुलै-ऑगस्टमध्ये सूर्यदर्शन दुर्मिळ. म्हणून मी वर्षाला १,४६० न धरता १,३०० युनिटेच धरली.

बिलाची मागची बाजू

आमच्या घरी वीजबिल आले की एकच प्रश्न विचारला जातो, "किती आलं?" बिलाची मागची बाजू मीही कधी वाचली नव्हती. ती वाचल्यावर पहिली गोष्ट समजली ती ही की विजेला एक भाव नसतो. घरगुती ग्राहकाला पहिल्या शंभर युनिटांचा दर सर्वांत कमी असतो. १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात तो जवळजवळ दुप्पट होतो आणि त्यापुढे आणखी चढतो. वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क हे वेगळेच. शिवाय सव्वाशे रुपयांच्या आसपास स्थिर आकार असतो. तो एकही युनिट जाळले नाही तरी भरावा लागतो. म्हणजे पॅनेल बसवल्यावर "बिल शून्य" हे बोलणे बरोबर नाही. जोडणी आहे तोवर स्थिर आकार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे दर स्थिर राहत नाहीत. वीज नियामक आयोगाने मार्च २०२३ अखेर दोन वर्षांसाठी वाढ मंजूर केली. पुढे २०२५ मध्ये नवा आदेश निघाला, त्याला स्थगिती मिळाली आणि फेरविचार होऊन पुन्हा दुसरा आदेश आला. म्हणून आजच्या पैशापर्यंतचा अचूक दर धरून पंचवीस वर्षांचे गणित मांडण्यात अर्थ नाही. हिशेबाच्या सोयीसाठी मी वहन आकार व शुल्क धरून पहिल्या टप्प्याला युनिटमागे ७ रुपये आणि दुसऱ्या टप्प्याला १३ रुपये धरले आहेत. वाचकांनी येथे आपल्या बिलातले आकडे घालून पाहावेत. आकडे थोडे बदलतील, निष्कर्ष फारसा बदलणार नाही.

आमचे घर आणि सावकारांचे घर

मी पत्र्याच्या पेटीतून मागच्या बारा महिन्यांची बिले काढली. चार ट्यूब, दोन पंखे, टी.व्ही., मिक्सर आणि मागच्या वर्षी घेतलेला छोटा फ्रीज एवढाच आमचा वापर. वर्षाची एकूण युनिटे भरली १,०९२. थंडीत ६८ पर्यंत उतरलेली, मे महिन्यात १३४ वर गेलेली. एप्रिल, मे व जून हे तीन महिने सोडले तर शंभराच्या आतच. दुसऱ्या टप्प्यात गेलेली युनिटे वर्षभरात मिळून केवळ ५४.

म्हणजे आमचा वर्षाचा युनिटांचा खर्च १,०३८ युनिटांचे ७,२६६ आणि ५४ युनिटांचे ७०२ असा एकूण ७,९६८ रुपये. पॅनेल कितीही मोठे बसवले तरी याहून अधिक बिल वाचूच शकत नाही, कारण याहून अधिक बिल येतच नाही!

आता खर्चाची बाजू. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. देशातल्या एक कोटी घरांवर पॅनेल बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार आणि त्यापुढे कितीही मोठे बसवले तरी एकूण ७८ हजार, असे अनुदान आहे. त्या गृहस्थांनी तीन किलोवॅटचा भाव १ लाख ९५ हजार सांगितला होता. मी आणखी एके ठिकाणी एका किलोवॅटचा भाव विचारला, तो ६५ हजार निघाला. अनुदान वजा जाता तीन किलोवॅटला घरातून १ लाख १७ हजार जातात आणि एका किलोवॅटला ३५ हजार.

एका किलोवॅटवर आमची जवळपास सगळी गरज भागते. पावसाळ्यातली तूट सोडून वर्षाला साडेसात हजार वाचतात असे धरू. म्हणजे ३५ हजार सुटायला साडेचार ते पाच वर्षे. पॅनेल पंचवीस वर्षे चालते. इन्व्हर्टर मात्र दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो. तोही खर्च धरला तरी व्यवहार वाईट नाही.

तीन किलोवॅट बसवले तर वर्षाला ३,९०० युनिटे तयार होतील. आम्ही वापरणार त्यातली १,०९२. उरलेल्या २,८०८ युनिटांना तीन रुपये मिळाले असे धरले तरी ८,४२४ रुपये होतात. वाचलेले बिल मिळवून सारे सोळा हजारांच्या थोडे वर. म्हणजे वरच्या दोन किलोवॅटसाठी जे ८२ हजार जास्तीचे घालायचे ते सुटायला एकट्यांनाच नऊ वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यात कर्ज काढले तर व्याज वेगळे. "अनुदान सर्वांत जास्त तिथे आपला फायदा सर्वांत जास्त" असे त्या फाईलीतले चित्र सांगत होते. ते आमच्यापुरते खोटे निघाले.

परंतु यावरून मोठे पॅनेल ही फसवणूक आहे असे कुणी समजू नये. वाडीच्या वरच्या अंगाला एक दुकानदार राहतात. सगळे त्यांना सावकार म्हणतात. त्यांच्या घराचे बिल पाहायला मागितले तेव्हा ते आधी हसले, मग त्यांनी ते दिले. महिना सरासरी २८० युनिटे. म्हणजे दरमहा १८० युनिटे तेरा रुपयांच्या टप्प्यात. पॅनेल बिलाचा कोणता भाग खाते? तळाचा नव्हे, वरचा. महाग युनिटे आधी कमी होतात. त्यांनी एकच किलोवॅट बसवले तरी १,३०० महाग युनिटे वाचून वर्षाला जवळपास १७ हजार रुपये राहतात, आणि ३५ हजार दोन वर्षांत फिटतात. तीन किलोवॅट बसवले तर सगळे मिळून वर्षाला ३६ हजारांच्या घरात बचत, आणि १ लाख १७ हजार साधारण सव्वातीन वर्षांत वसूल.

तेच ऊन, तेच पॅनेल, तोच भाव. तरी त्यांच्या घरी एका युनिटाची किंमत तेरा रुपये आणि आमच्या घरी सात. थोडक्यात, पॅनेल परवडते की नाही हे बिलातली युनिटे ठरवतात. विजेचे दर चढले तर दोघांचेही पैसे लवकर सुटतील, पण सावकारांचे अधिक लवकर.

हिशेबात न दिसणाऱ्या अडचणी

माझी आई शाळेत चौथीपर्यंतच गेली. पण त्या दिवशी सर्वांत नेमका प्रश्न तिनेच विचारला होता. "लाईट गेल्यावर हे चालंल का?" ते गृहस्थ जरा थबकले होते. उत्तर असे की, बॅटरी नसलेले व जाळ्याला जोडलेले पॅनेल वीज गेल्याबरोबर बंद पडते. भर दुपारी, लख्ख उन्हातसुद्धा. यात दोष नाही, ती सुरक्षिततेची सोय आहे. लाईन बंद समजून वायरमन खांबावर चढला असेल आणि आपल्या छपरावरून तारेत वीज जात असेल, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. ज्यांच्याकडे तासन्‌तास वीज जाते त्यांनी पॅनेलने हे दुःख मिटेल अशी आशा धरू नये. त्यासाठी बॅटरी हवी आणि तिचा खर्च निराळा.

दुसरी अडचण सावलीची. पॅनेलमधले घट साखळीसारखे जोडलेले असतात. एका भागावर सावली पडली की तेवढ्याच भागाची नव्हे, साखळीतल्या इतरांचीही वीज उतरते. आमच्या घराच्या दक्षिणेला आजीने लावलेला फणस आहे. "तोडून टाका की," असे ते गृहस्थ सहज म्हणाले होते. फणस तोडायचा नसेल तर पॅनेल पुढच्या पडवीच्या पत्र्यावर न्यावे लागेल, आणि आमच्याकडचा पावसाळी वारा सोसेल असा सांगाडा आधी करावा लागेल.

तिसरी अडचण पैशांच्या क्रमाची. अनुदान बँकेत जमा होते ते पॅनेल बसून, तपासणी होऊन, मीटर लागल्यावर. आधी सगळी रक्कम उभी करावी लागते. योजनेत तारणाशिवाय आणि तुलनेने कमी व्याजाने बँकेचे कर्ज मिळण्याची सोय आहे, हे खरे. पण कर्ज हे कर्जच. दरमहाचा हप्ता वाचलेल्या बिलापेक्षा मोठा नसावा, एवढे तरी पाहावे.

चौथी अडचण मला सर्वांत मोठी वाटते, आणि ती विजेची नाहीच. आमचे मीटर आजही आजोबांच्या नावावर आहे. ते जाऊन अकरा वर्षे झाली. घर तीन भावांचे, त्यांतले दोन चुलते मुंबईला. बिल आम्ही भरतो, पण कागदावर ग्राहक आम्ही नाही. अर्ज करायचा तर आधी मीटर नावावर करायला हवे आणि त्यासाठी चुलत्यांची संमती हवी. वाटणी न झालेल्या छपरावर पंचवीस वर्षांची वस्तू बसवायची आहे! शहरातही निराळ्या रूपात हेच आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची गच्ची सोसायटीची असते आणि भाडेकरूचे तर छप्परच त्याचे नसते. योजना छपरासाठी आहे. ज्याचे छप्पर कागदावर त्याचे आहे, त्याच्यापर्यंत ती सहज पोहोचते.

धरणाच्या तालुक्यातला प्रश्न

कोयनेचे धरण आमच्या तालुक्यात आहे. कोयना प्रकल्पाची सर्व वीजगृहे मिळून १,९६० मेगावॅटची क्षमता आहे. घाटमाथ्यावरचे पाणी खाली चिपळूणच्या अंगाला उतरते आणि वीज साऱ्या महाराष्ट्राला जाते. आणि याच तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. तिथे घरोघर पॅनेले बसली, आणि म्हणूनच असले गृहस्थ आता आमच्या वाड्यांतून फिरू लागले आहेत. मान्याचीवाडीचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते ते यासाठी की तिथे एकट्या-दुकट्या श्रीमंत घराने नव्हे, तर गावाने मिळून काम केले. मीटरची नावे, कागदपत्रे, बँक, तपासणी ही कामे एकेका घराला जड जातात. गावाने मिळून केली तर ती सोपी होतात.

याचे आणखी एक अंग अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला सोडता येत नाही. वरच्या टप्प्यातले ग्राहक महाग वीज घेतात म्हणून खालच्या टप्प्यातल्या ग्राहकांना ती थोडी स्वस्त देता येते. आता हेच वरचे ग्राहक पॅनेल बसवून महाग युनिटे घेणे थांबवतील. ते थांबवणारच, त्यात त्यांचा दोष नाही. पण खांब, तारा, रोहित्रे आणि वायरमन यांचा खर्च तेवढाच राहील. तो उरलेल्यांवर पडला तर ज्यांना छप्पर नाही, त्यांच्या विजेचा दर चढेल. सरकारला याची जाणीव नाही असे नाही. राज्य सरकारने २०२५ मध्ये स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना आणली. दारिद्र्यरेषेखालील आणि महिना शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या दुर्बल घरांना एका किलोवॅटसाठी ती केंद्राच्या अनुदानावर आणखी मदत देते. दारिद्र्यरेषेखालील घरासाठी ही मदत १७,५०० रुपये आहे. दिशा योग्य आहे. मात्र मदतीचा कागद आणि मीटरवरचे नाव यांची गाठ पडली पाहिजे.

शेवटी काय ठरले?

आठव्या दिवशी ते गृहस्थ पुन्हा आले. मी वहीतला हिशेब आबांना आधीच समजावून सांगितला होता. आबांनी चहा दिला आणि म्हणाले, "तीन नगं. एक बसवू, पण मीटर आमच्या नावावर झाल्यावर. आन्‌ फणस ऱ्हाणार." एका किलोवॅटचे नाव काढताच त्यांचा उत्साह मावळला. ते फाईल घेऊन पुढच्या वाडीला गेले. कालवडीचे पैसे आईच्या डब्यात राहिले. मुंबईच्या चुलत्यांना मी पत्र लिहिले आहे. फोनवर हे विषय निघतात आणि भांडणावर जातात, पत्र मात्र माणूस दोनदा वाचतो, असे आबांचे मत. एका चुलत्यांची संमती आली आहे, दुसऱ्यांची यायची आहे.

माझ्या वाचक मित्रमैत्रिणींना एवढेच सांगायचे आहे. पॅनेल चांगले की वाईट, असा वाद घालत बसू नका. बारा महिन्यांची बिले काढा. युनिटांची बेरीज करा. त्यांतली किती शंभराच्या वर जातात ते वेगळे लिहा. मीटर कुणाच्या नावावर आहे ते पाहा. दुपारी बारा वाजता छपरावर कशाची सावली पडते ते पाहा. मग आपल्या वापराइतकेच पॅनेल घ्या, अनुदानाच्या आकड्याइतके नव्हे. हा हिशेब करायला फारशी विद्या लागत नाही. बेरीज-वजाबाकी आणि भागाकार पुरे. पण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी बिलाची मागची बाजू वाचू शकणारे माणूस या पिढीत प्रथमच आले आहे. तेव्हा ती वाचायचे काम आपलेच आहे.